वनस्पती तेलाची फिल्म मातीत खरंच कुजते का, ते कसं तपासायचं

एरंडेल, जवस, सोयाबीन असल्या तेलांपासून प्लास्टिकसारखी फिल्म बनते हे आता बऱ्याच जणांना माहितीये, आणि तेलाची आहे म्हणजे मातीत घातली की गायब असं पिशवी विकणाऱ्यापासून प्रोजेक्टवाल्या पोरांपर्यंत सगळेच धरून चालतात. तसं काही नसतं. एरंडेलापासून नायलॉन ११ बनतं, पूर्णपणे झाडातून आलेलं, गाड्यांच्या ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या त्याच्या करतात, आणि ते मातीत पुरलं तर वर्षानुवर्षं ढिम्म हलत नाही. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतेक पेट्रोलियमपासून करतात आणि ते कुजतं. म्हणजे माल कुठल्या झाडाचा आहे हे विचारून उपयोग नाही, त्या फिल्मच्या रेणूंच्या साखळीत कुठले बंध (जोड) आहेत आणि माती कशी आहे हे बघावं लागतं. ते बघायची साधी पद्धत म्हणजे फिल्म कुंडीतल्या मातीत पुरून ठेवायची आणि ठराविक दिवसांनी काढून मोजायची, ऐकायला एकदम सोपं, पण निम्मे लोक त्यात असला घोळ घालतात की आलेल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. तेल म्हणजे ग्लिसरीनला एस्टर बंधाने जोडलेली तीन फॅटी आम्लं. फिल्म बनवली तरी हे एस्टर बंध बऱ्यापैकी शिल्लक राहतात, आणि एस्टर बंध पाण्याने तुटतो, नुसत्या पाण्याने हळू आणि लायपेज-एस्टरेज असली एन्झाइम (असले बंध तोडायला जीव जे पदार्थ बनवतात ती) मदतीला आली की जोरात. मातीतल्या बुरश्या, म्हणजे अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम वगैरे, आणि बॅसिलस, स्यूडोमोनास, स्ट्रेप्टोमायसीस हे जीवाणू फिल्मवर चिकटून बसतात, एन्झाइम बाहेर सोडतात, तुकडे पडले की ते आत ओढून खातात आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. आणि त्यांना हे काम नवीन नाही बरं का. झाडाच्या पानावर जो चिवट पापुद्रा असतो ना, क्युटिन, तो मुळात फॅटी आम्लांचा पॉलिएस्टरच (एस्टर बंधांनी जोडलेली लांब साखळी) आहे, आणि पालापाचोळा खाणाऱ्या बुरश्यांकडे तो तोडायला क्युटिनेज नावाचं एन्झाइम आधीपासून असतं. तेलाचं पॉलिएस्टर त्यांना ओळखीचं वाटतं ते म्हणूनच. पण त्याच एरंडेलाचं पॉलियुरेथेन केलं की एस्टर बंध आधी तुटतात आणि युरेथेनचे बंध मागे रेंगाळतात, शिवाय साखळ्या एकमेकींना जितक्या जास्त ठिकाणी बांधलेल्या तितकं पाणी आणि एन्झाइम आत शिरायला त्रास, म्हणजे कुजणं संथ.

आता कामाला लागू. पुरायचं काय? मी सांगेन कमीत कमी चार गोष्टी घ्या. एक, तुमची तेलाची फिल्म. दोन, बाजारातली कंपोस्टेबल पिशवी, जिच्यावर आयएस १७०८८ किंवा आयएसओ १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक) छापलंय आणि सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, सर्टिफिकेटचा नंबर आहे. तीन, साधं पॉलिथीन, शेतातल्या मल्चिंग पेपरचा तुकडा चालेल. चार, प्रयोगशाळेतला फिल्टर पेपर. शेवटचे दोन बऱ्याच जणांना फालतू वाटतात आणि खरं तर सगळा प्रयोग त्यांच्यावरच उभा असतो. फिल्टर पेपर म्हणजे निव्वळ सेल्युलोज, जिवंत ओल्या मातीत तो महिना-दोन महिन्यात चाळणी व्हायलाच पाहिजे, नाही झाला तर तुमची माती मेलेली आहे किंवा कोरडी पडलीये, मग तुमच्या फिल्मबद्दल काहीच बोलू नका. आणि पॉलिथीनचं वजन घटलेलं दिसलं तर तुमच्या धुण्यात किंवा वजनात गडबड आहे.

तेलाची फिल्म घरी करायची असेल तर एरंडेलाच्या पॉलियुरेथेनच्या नादी लागू नका, त्यात आयसोसायनेट लागतं आणि त्याची वाफ फुप्फुसांना वाईट असते, ते फ्युम हूडखाली माहितगार माणसासमोरच. घरी जवसाचं तेल उत्तम, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन आपोआप घट्ट होतं, त्यातल्या फॅटी आम्लांत निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं त्याची ही करामत. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मिळतं, सुतार लाकडाला लावतात ते, ते लवकर वाळतं पण त्यात कोबाल्ट-मँगनीज असले धातूंचे ड्रायर असतात, ते वहीत लिहून ठेवा. घाण्याचं कच्चं तेल घेतलं तर वाळायला खूप वेळ लागतो पण माल स्वच्छ.

काचेवर तेल डायरेक्ट पसरलं तर वाळल्यावर ते सुटत नाही, ब्लेडने खरवडत बसावं लागतं आणि फिल्मच्या चिंध्या होतात. म्हणून आधी काचेवर डिंकाच्या पाण्याचा पातळ हात द्या, तो पूर्ण वाळू द्या, त्यावर तेलाचा अगदी पातळ थर ब्रशने ओढा. जाड थर लावायचा मोह होतो, पण मग वरचा भाग आधी वाळतो, आतला ओलाच राहतो आणि वरची साय सुरकुतते. पातळ थर, तो बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा, मग तिसरा. डब्यात बंद करून ठेवू नका, त्याला हवा लागते. शेवटचा थर वाळल्यावर काच कोमट पाण्यात ठेवली की खालचा डिंक विरघळतो आणि पिवळसर, जरा रबरासारखी फिल्म कडेने उचलली जाते, ती दोन-तीन पाण्यात धुवून डिंक पूर्ण काढा नाहीतर जीवाणू आधी डिंकच खातील आणि तुम्हाला वाटेल फिल्म खाल्ली. मग फिल्म टांगून ठेवा आणि अधूनमधून वजन करत रहा, ऑक्सिजन घेत असल्यामुळे वाळताना तिचं वजन वाढतं, ते स्थिर झाल्याशिवाय पुरायची घाई करू नका.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या, कापसाचे बोळे, टिश्यू गोळा करून कोपऱ्यात किंवा डस्टबिनमध्ये टाकायचे नाहीत. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. खरंच घेते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळू द्या.

माती कुठली घ्यायची? शेतातली किंवा बागेतली, वरच्या १०-१५ सेंटीमीटरमधली, जिथे नुकतंच बुरशीनाशक किंवा तणनाशक मारलेलं नाही अशी. नर्सरीतली पिशवीबंद माती शक्यतो नको, त्यात कोकोपीटच जास्त असतं. काडीकचरा, खडे, मुळं काढून साधारण २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. उन्हात कडक वाळवू नका, जिवंत माती पाहिजे ना आपल्याला. काळी माती असेल तर ती चिकट, पीएच बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान, पाणी धरून ठेवते पण वाळली की भेगा पडतात आणि फिल्म ताणली जाऊन फाटते, ते फाटणं कुजण्यात धरायचं नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते आणि पाणी पटकन सोडते. दोन्हीत एकाच फिल्मचे आकडे वेगळे येणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मूठभर जुनं गांडूळखत घातलं तर जीवाणूंची सोय होते, पण मग सगळ्या कुंड्यांत सारखंच घाला.

ओलावा किती ठेवायचा हा खरा कळीचा मुद्दा. शेतकऱ्याला एका शब्दात सांगता येतं, वाफसा पाहिजे. म्हणजे मूठ आवळली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, आणि हाताला चिखल लागू नये. मोजून करायचं असेल तर फनेलमध्ये फिल्टर पेपर लावून ५० ग्रॅम कोरडी माती घ्या (ही मोजणीपुरती वेगळी वाळवलेली, कुंडीतली नाही), वरून भरपूर पाणी ओता, झाकून निथळू द्या, थेंब पडायचे थांबले की वजन करा, आणि ओल्या पेपरचं वजन वेगळं काढून वजा करा. समजा ५० ग्रॅम मातीने ३० ग्रॅम पाणी धरलं, तर धारणक्षमता ६० टक्के, आणि आपल्याला त्याच्या साधारण निम्मं पाणी ठेवायचंय, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या मातीला ३० मिली. एकदा कुंडी भरली की तिचं एकूण वजन कुंडीवरच मार्करने लिहा, आठवड्यातून दोनदा काट्यावर ठेवा, जितकं घटलं तितकं पाणी घाला. अंदाजपंचे रोज ग्लासभर पाणी ओतलं की तळाशी चिखल होतो, तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि काम मंदावतं. भाताच्या खाचरासारखी कायम तुंबलेली जमीन असेल तर हवेवर जगणारे जीवाणू गप्प बसतात, जे काही थोडं कुजतं त्यातून मिथेन निघतो.

आता वजनाचं गणित, इथे पोरं हमखास आपटतात. २५ मायक्रॉन जाडीचा ५ बाय ५ सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे किती वजन होतं माहितीये? जेमतेम ६० मिलिग्रॅम. किचनच्या काट्यावर त्याचं वजन शून्य दाखवणार. सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा कमीत कमी लागेल, कॉलेजात चार दशांशाचा असेल तर सोन्याहून पिवळं. पुरायच्या आधी प्रत्येक तुकडा ४०-५० अंशांवर वाळवा, सिलिका जेलच्या डब्यात गार करा, मग वजन, जाडी, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो. तुकड्यांवर नंबर लिहू नका, शाई जाते. प्रत्येक तुकडा नायलॉनच्या मच्छरदाणीच्या कापडाच्या छोट्या थैलीत घाला, थैली नायलॉनच्याच दोऱ्याने शिवा आणि नंबरची प्लास्टिकची पट्टी बांधा. सुती दोरा किंवा सुतळी वापरली तर फिल्मच्या आधी तीच कुजते आणि कुठला तुकडा कुठला हे देवालाच ठाऊक.

थैल्या ८-१० सेंटीमीटर खोल, आडव्या, एकमेकींना न चिकटता पुरा. कुंडीला खाली भोकं, जागा सावलीची, तापमान २५ ते ३० अंश राहील अशी. तुकडे किती? प्रत्येक प्रकाराचे, प्रत्येक तारखेला, किमान तीन. म्हणजे १५, ३०, ६०, ९० आणि १८० दिवसांना काढायचं ठरवलं तर एका फिल्मचे पंधरा तुकडे आधीच पुरून ठेवायचे. एकच तुकडा काढायचा, धुवायचा, वजन करायचा आणि परत पुरायचा असं बरेच जण करतात, कृपा करून नका करू, प्रत्येक धुण्यात वरची जीवाणूंची साय निघून जाते आणि बिचाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काढताना थैली ओढायची नाही, माती बाजूने सैल करून उचलायची. परातीत पाणी घेऊन तुकडा तरंगत धुवा, लागलीच तर मऊ ब्रशची एखादी फेरी, बास. जवसाची फिल्म थोडी चिकट असते आणि मातीचे कण तिच्यात रुततात, मग वजन घटायच्या ऐवजी वाढलेलंच दिसतं आणि प्रोजेक्टवाल्याचा चेहरा पडतो. उपाय आहे, कॉलेजात मफल भट्टी असेल तर वजन झाल्यावर त्यातला एखादा तुकडा ५५० अंशांवर जाळा, मागे उरलेली राख म्हणजे माती, ती वजनातून वजा करा, आणि न पुरलेल्या फिल्मचीही राख एकदा बघून ठेवा. भट्टी नसेल तर निदान फोटोवरून किती क्षेत्रफळ उरलं ते मोजा. वजनघट टक्क्यांत काढायची म्हणजे आधीचं वजन वजा नंतरचं, भागिले आधीचं, गुणिले शंभर, हे सांगायला नको.

पण वजन घटलं म्हणजे कुजलं का? नाही ना! सोयाबीन तेलाचं इपॉक्सी करून ते पीव्हीसीत मऊपणासाठी घालतात, असली फिल्म पुरली तर बुरशी तेवढं तेल चापते, फिल्मवर काळे-हिरवे डाग येतात, वजन घटतं, फिल्म कडक होऊन तडकते, आणि पीव्हीसी सगळं जिथल्या तिथे. डोळ्याला वाटतं वा काय कुजलंय. तसंच फिल्मचे बारीक बारीक तुकडे होऊन मच्छरदाणीतून मातीत गेले तरी थैली रिकामी दिसते, पण ते प्लास्टिक आता मातीत पसरलंय, म्हणजे जास्तच वाईट. म्हणून दोन जादा तपासण्या. एक, तीच फिल्म त्याच तापमानाला नुसत्या पाण्यात तितकेच दिवस ठेवा, तिथे जे वजन घटेल ते नुसतं धुऊन गेलेलं किंवा पाण्याने तुटलेलं. दोन, एक कुंडी निर्जंतुक मातीची, कुकरमध्ये माती वाफवून, सलग तीन दिवस रोज एकदा, कारण पहिल्या दिवशी वाचलेले बीजाणू दुसऱ्या दिवशी उगवतात आणि तेव्हा मरतात. हा कुकर परत भाताला वापरायचा नाही, जुना बाजूला काढलेला घ्या. आणि ही कुंडी झाकून ठेवा, पाणीही उकळून गार केलेलं, नाहीतर चार दिवसात सगळी जत्रा परत हजर. जिवंत मातीत ४० टक्के घट आणि वाफवलेल्या मातीत ५ टक्के असा फरक दिसला तर मधलं काम जीवांचं आहे असं म्हणता येतं.

आणि ज्यांना खरोखर छातीठोकपणे सांगायचंय त्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजावा, आयएसओ १७५५६ आणि एएसटीएम डी ५९८८ या मानकांचा गाभा तोच आहे. एमएस्सीच्या लॅबमध्ये सहज जमतं. हवाबंद मोठी बरणी, त्यात ओलावा ठरवलेली माती, बारीक कातरलेली फिल्म साधारण १ ग्रॅम मिसळलेली, आत एका छोट्या बीकरमध्ये ०.५ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड २० मिली (ही अल्कली, कार्बन डायऑक्साइड शोषून घेते) आणि दुसऱ्यात नुसतं पाणी. अशाच तीन बरण्या फिल्मशिवाय आणि तीन सेल्युलोजच्या. दर काही दिवसांनी अल्कलीचा बीकर काढा, बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवा, फिनॉल्फथेलीन टाकून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करा, नवीन अल्कली ठेवा. बरणी उघडली की आत ताजी हवाही जाते, थोडा वेळ उघडीच राहू द्या. खर्च झालेल्या ०.५ नॉर्मल अल्कलीचा प्रत्येक मिली म्हणजे ११ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे त्यातला ३ मिलिग्रॅम कार्बन. बिनफिल्मच्या बरणीचा आकडा वजा करायचा कारण माती स्वतःही श्वास घेते. समजा तुमच्या फिल्ममध्ये ७०० मिलिग्रॅम कार्बन होता आणि वजाबाकी करून आतापर्यंत २१० मिलिग्रॅम बाहेर आला, तर ३० टक्के. हा आकडा सहसा १०० होत नाही कारण खाल्लेल्यातला काही भाग जीवाणूंच्या अंगात जातो. गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच हं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर गंमत नाही.

बरणीत अजून एक अडचण येते ती म्हणजे नायट्रोजनची. तेलाच्या फिल्ममध्ये कार्बनच कार्बन, नायट्रोजन जवळपास नाहीच, आणि जीवाणूंना अंग वाढवायला नायट्रोजन लागतो. सुरुवातीला जोरात चाललेलं काम मध्येच थंडावलं तर बहुतेक वेळा हेच कारण, चिमूटभर अमोनियम फॉस्फेट सगळ्या बरण्यांना सारखं घाला. शेतातही हेच होतं, भरपूर कुजकी फिल्म मातीत नांगरली तर जीवाणू पिकाच्या तोंडचा नायट्रोजन ओढतात.

कंपोस्टेबल पिशवी तुमच्या कुंडीत सहा महिन्यांनी पण जवळजवळ जशीच्या तशी निघाली तर लगेच फसवलं म्हणून ओरडू नका. कंपोस्टेबलची चाचणी ५८ अंशांच्या आसपास, मोठ्या गरम ढिगाच्या हिशोबाने होते, पीएलए (असल्या पिशव्यांत वापरतात ते एक प्लास्टिक) तर ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं तेव्हाच पाणी आत घेऊन भराभर तुटतं, तुमची माती २७ अंशांवर. मातीत कुजण्याचं मानक वेगळं, मल्चिंग फिल्मसाठी युरोपचं ईएन १७०३३, २०१८ सालचं, त्यात २०-२८ अंशांच्या मातीत २४ महिन्यांत ९० टक्के रूपांतर मागतात. चोवीस महिने! त्यामुळे कोणी दुकानदार एका पावसाळ्यात गायब होते म्हणून विकत असेल तर त्याला एवढंच विचारा की मातीतल्या चाचणीचा रिपोर्ट आहे का आणि किती अंशांवरचा. लेबलवर नुसतं बायोडिग्रेडेबल लिहिलंय आणि पुढे मानकाचा नंबर नाही, तर मी ती पिशवी पॉलिथीनच्याच रांगेत धरते.

कुंडीत जमलं की शेतात करून बघा, तिथली मजा वेगळी. मृगाच्या आधी पुरलं तर पावसाळाभर ओल मिळते आणि माती उबदारही असते, दिवाळीनंतर ओल आणि ऊब दोन्ही कमी होतात आणि आकडा रेंगाळतो, मार्च-एप्रिलच्या कोरड्या मातीत तर ऊन कितीही असो, काम जवळपास बंद. थैल्या बांधाच्या कडेला पुरा, मधोमध नको, रोटाव्हेटर आला की थैल्या चारी दिशांना जातील. उंदीर-घुशी उकरतात म्हणून वरून जाळीचा तुकडा ठेवा, लोखंडी सळीची खूण करा आणि शेजारच्या झाडापासून किती फूट ते वहीत लिहा, कारण पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि सळी पण दिसत नाही. वहीत निकाल लिहिताना नुसतं कुजते की नाही असं लिहू नका, फिल्मची जाडी, माती कुठली, पीएच, ओलावा, तापमान किती ते किती, दिवस, आणि शेजारच्या फिल्टर पेपरचं त्या दिवशी काय झालं होतं, हे सगळं एकाच ओळीत.